डब्याचा घसा बसला

तमाम जनतेस, आणि विशेषतः आमच्या गल्लीतल्या दोन्ही बाजूंच्या रहिवाशांस, जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाआठच्या सुमारास, आमचा डबा मुका झाला. तत्पूर्वी त्यास कोणताही आजार नव्हता. अंतसमयी त्याच्याजवळ मी, शेजारचे आबा, आबांच्या सौभाग्यवती अव्वा आणि चहाचे तीन कप एवढीच मंडळी हजर होती. कृपया आहेर आणू नयेत. आणायचाच झाला तर नऊ व्होल्टचा चौकोनी सेल आणावा.

हसू नका. तुमच्या घरातला डबा मुका झाला तर तुम्हाला काहीच कळणार नाही, कारण तुमच्या डब्यात शेंगाचटणी असते. आमच्याही डब्यात पूर्वी तीच होती. चपटा, स्टीलचा, घट्ट झाकणाचा डबा. त्याला मी भोकं पाडली. वर फिरवायची दोन बटणं आणि पायानं दाबायचा एक स्विच बसवला, बाजूला वायरी खुपसायची सोय केली आणि आत चार बोटं रुंदीची एक सर्किटची पट्टी ठेवली. गिटारची वायर एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, स्पीकरकडे. मध्ये बसून हा डबा आवाजाला धरतो, पिरगाळतो, फुगवतो आणि मगच सोडतो. तारेवर बोट मारलं की आत जातं साधं 'टुंग', बाहेर येतो तो लांबलचक, नाकातून काढल्यासारखा, जरा भांडखोर सूर. जाणकार लोक याला फझ म्हणतात. आमच्या हिनं पहिल्याच दिवशी त्याला मिक्सर म्हटलं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. मागाची मोटार जळली, पॅनेलमधून धूर आला, की लोक माझं नाव घेऊन ओरडतात, आणि मी हातात टेस्टर घेऊन, नाटकातल्या राजासारखा सावकाश चालत जातो. सावकाश चालणं महत्त्वाचं. धावत गेलं तर लोकांना वाटतं हा पण घाबरलाय. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर कपाटावरची कॉलेजातली गिटार खाली काढतो आणि मोबाईलवर बघून बघून डबा बनवतो, यात घरच्यांना काळजी वाटण्यासारखं बरंच होतं. पण हिनं एवढंच विचारलं, "चटणी कुठं ओतलीत?"

डबा पहिल्यांदा बोलला त्या रविवारी दुपारी मी एकच तार छेडत बसलो होतो. मला गिटार फारशी येत नाही. पण तो लांब सूर ऐकून मीच माझ्यावर खूश झालो होतो. तेवढ्यात मधल्या भिंतीवरून पांढरी टोपी वर आली, टोपीखालून आबांचा चेहरा आला आणि आबा म्हणाले, "कोण वाजवतंय?"

"मी, आबा."

"रीड भिजवली न्हाय तुमी."

मी म्हणालो, "आबा, ही गिटार आहे. हिला फुंकायची रीड नसते."

"मग क्लॅरोनेट कुटं वाजतंय?"

"कुठंच नाही. हा डबा वाजतोय."

आबा भिंतीवरून गायब झाले आणि अर्ध्या मिनिटात माझ्या दारात उभे राहिले. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसानं एवढ्या वेगानं येणं बरं नव्हे, हे त्यांना सांगायला मागोमाग अव्वाही आल्या.

आबांविषयी सांगितलं पाहिजे. चाळीस वर्षं हा माणूस दिवसा माग चालवायचा आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. आमच्याकडे लग्नाला लग्न म्हणत नाहीत, 'अक्षता' म्हणतात. 'अक्षता कधी आहे?', 'अक्षतेला यायचं बरं का.' डोक्यावर अक्षता पडल्या की त्याच क्षणी बँडचा पहिला सूर फुटला पाहिजे. तो सूर आबांचा. त्याच्यानंतर बाकीचा बँड धडाधड तुटून पडायचा, पण तो पहिला सूर एकट्या आबांचा. त्यांच्या घराण्यात एकही अक्षता त्या सुराशिवाय पडलेली नव्हती. मुलाची, मुलीची, पुतण्यांची, भाच्यांची. सगळ्यांच्या लग्नाच्या फोटोत आबा नाहीत, कारण ते मांडवाच्या तोंडाशी गाल फुगवून उभे.

दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, फुंकणं बंद. आबांनी विचारलं, थोडं? डॉक्टर म्हणाले, फुगासुद्धा नाही. क्लॅरोनेट पेटीत गेलं आणि पेटी माळ्यावर गेली.

आणि आता नातीचं लग्न ठरलं होतं. तुळशीचं लग्न झालं की आठवड्यात तिची अक्षता. नात पुण्यात नोकरीला, तिनं फोनवर बजावलं होतं, "डीजे नको, बँड नको. आबांनी सूर लावला तरच मी हार घालणार." तिला वाटलं ती गंमत करतेय. आबा मात्र तेव्हापासून माळ्याकडे बघत होते, आणि आबा माळ्याकडे बघतात हे अव्वा बघत होत्या.

अव्वांचा एक नियम आहे, तो मी फार वर्षांच्या शेजारानं शिकलोय. त्या रागावल्या की कानडीत बोलतात आणि घाबरल्या की मराठीत. त्या दिवशी दारात उभं राहून त्या म्हणाल्या, "साकु माडरी!" म्हणजे पुरे करा. म्हणजे फक्त रागावल्या होत्या. मला हायसं वाटलं.

आबांनी गिटार मांडीवर घेतली. तार दाबली, सोडली. डब्यानं सूर धरला. आबांनी डोळे मिटले. मग त्यांनी विचारलं, "हे फुंकावं लागत न्हाय?"

"अजिबात नाही."

"लई बेकार काम केलंत सायेब," आबा म्हणाले, "आता मला झोप लागायची न्हाय."

पुढचे दोन महिने आमच्या मधल्या भिंतीला दार असतं तर बरं झालं असतं. आबा एकाच तारेवर शिकले. कुठला सूर कुठं हे लक्षात राहावं म्हणून अव्वांच्या टिकल्या गिटारच्या मानेवर चिकटवल्या, लाल 'सा', हिरवा 'प'. टिकल्यांचं आख्खं पाकीट संपलं तेव्हा अव्वा कानडीत बोलल्या. अक्षतेनंतरची ती जुनी चाल आबांच्या बोटांत होतीच. फक्त एक अडचण होती. त्या चालीत मधे एक लांब सूर आहे, आणि त्या सुरावर आबा अर्ध्यातच तार दाबून आवाज तोडायचे, थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे.

"तोडता का, आबा?"

"दम घ्यायला."

"अहो, गिटारला दम लागत नाही. डबा सूर धरून ठेवतो. तुम्ही नुसतं बोट ठेवा."

"व्हय की," आबा म्हणायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथंच तोडायचे. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं तर सूर तुटायच्या त्या जागी अव्वांचं लाटणंही थांबलेलं. इतकी वर्षं त्या सुरावर घरातल्या दोघांनीही दम घेतलेला होता.

तर असं सगळं छान चाललेलं असताना आम्ही दसऱ्याला चार दिवस बार्शीला हिच्या माहेरी गेलो. डबा आणि गिटार आबांकडे ठेवली. परत आलो, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला गेलो, आबांनी ऐटीत स्विच दाबला, तार छेडली, आणि डब्यातून 'फस्स' असा आवाज आला. घसा बसलेल्या कीर्तनकारासारखा. मग तोही गेला.

वर दिलेली दुःखद घोषणा ती हीच.

मी सावकाश उभा राहिलो. टेस्टर आणायला सावकाश घरी गेलो. परत येऊन पहिला प्रश्न विचारला, जो मी कारखान्यातही पहिला विचारतो: "याला कुणी हात लावलाय का?"

आबा म्हणाले, "न्हाय."

अव्वा म्हणाल्या, "न्हाय बाई."

हे उत्तर लक्षात ठेवा.

सेल बदलला. काही नाही. वायरी बदलल्या. काही नाही. झाकण उघडून पट्टीवरचा एकेक सुटा भाग बोटानं हलवून बघितला. सगळे आपापल्या जागी तोंडं वर करून बसलेले. ट्रान्झिस्टरवर माझा संशय होता. हा तीन पायांचा मण्याएवढा जीव, आवाज मोठा करायचं काम त्याचंच. मी तो सॉकेटमध्ये बसवलेला होता, म्हणजे सोल्डर न करता उपटून दुसरा खोवता येतो. नवी पेठेच्या मागं एका बोळात सुटे भाग विकणारे एक गृहस्थ बसतात, त्यांच्याकडे गेलो.

"मागं नेला होता की एक," ते म्हणाले.

"तो गेला."

"असा जात नसतो तो. काय खायला घातलं त्याला?"

मी अपमान गिळून तीन आणले. घरी येऊन दुपारी एक बसवला. डबा बोलला! मी आबांना हाक मारली, आबांनी वाजवलं, अव्वांनी साखर वाटली, डबा त्यांच्याकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा मुका. मी दुसरा बसवला, तोही दुपारी. बोलला. सकाळी मुका. तिसरा बसवला. काय झालं असेल ते तुम्ही सांगालच.

आता मी खरा पेटलो. आवाज कुठवर येतो आणि कुठं मरतो हे शोधायची एक पद्धत आहे. एका टोकानं सतत आवाज सोडायचा आणि स्पीकरला जोडलेली वायर एकेका जागी टेकवत जायचं. जिथं आवाज बंद, तिथं चोर. सतत आवाज म्हणून मी मोबाईलवरचा तानपुरा लावला. सकाळी सात वाजता, आबांच्या ओट्यावर, मी पट्टीवर वाकून एकेका पायाला वायर टेकवतोय आणि स्पीकरमधून तानपुरा कधी स्वच्छ, कधी गुदमरलेला, कधी शेपटीवर पाय पडल्यासारखा. आमची ही भिंतीवरून म्हणाली, "अहो, गाणं शिकवताय की मांजर?"

चोर ट्रान्झिस्टरच्या तोंडाशी सापडत होता. तिथवर तानपुरा येत होता, आणि आत जायच्या ऐवजी कुठंतरी झिरपून जात होता. मधेच कुणीतरी नळी फोडल्यासारखा. मी पट्टी वरून भिंगातून बघितली. स्वच्छ. खालून? खालून बघायचं कारणच नव्हतं. खाली माझं सोल्डरिंग. माझ्या सोल्डरिंगवर एमआयडीसीत आजवर कुणी संशय घेतलेला नाही, मग मीच कसा घेणार?

त्या दिवशी डबा मी गाडीच्या डिकीत टाकून कारखान्यात नेला. जेवणाच्या सुट्टीत, रंगाई खात्याच्या बाजूला, जिथं ऑक्टोबरात उभं राहिलं तर माणसाचा पापड होतो, तिथं जोडला. डबा असा गर्जला की चार माग बंद करून पोरं बघायला आली. एक जण म्हणाला, "सायेब, एवढं वाजतं तर भोंगा कशाला पाहिजे?" मी राजासारखा मान हलवली. संध्याकाळी आबांकडे ठेवला. सकाळी मुका.

आबा त्या सकाळी ओट्यावर बसून राहिले. चहा घेतला नाही. मग म्हणाले, "सायेब, एक बोलू? तुमच्या हातानं वाजतंय ते. माझ्या घरात आलं की बंद पडतंय."

"असं नसतं आबा. यंत्र आहे ते."

"यंत्रच की. चाळीस वर्षं यंत्रासंगं काढली मी. यंत्राला बी माणूस कळतं. माझं वाजवणं संपलंय हे त्येला कळलंय, मला तेवढं कळत न्हाय." त्यांनी गिटार भिंतीला टेकवली. "पोरगा रविवारी बँडवाल्याला हो म्हणणार हाय. म्हणू दे."

मी वीस वर्षं शेजारी आहे; या माणसाला मी ऑपरेशनला जातानाही हसताना बघितलंय. रविवारला दोन दिवस होते.

अव्वा दारात उभ्या होत्या. त्या मराठीत बोलल्या. "एवढं केलं हो सगळं. एवढं खंडेनवमीला मनापासून केलं, तरी पावलं न्हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. "अव्वा, खंडेनवमीला काय केलं?"

"पूजा."

"कशाची?"

"मशीनची." अव्वा माझ्याकडे अशा बघू लागल्या की मीच परगावचा. बरोबरच होतं. आमच्या कारखान्यात त्या दिवशी मागापासून कात्रीपर्यंत सगळ्यांना फुलं वाहतात. मी स्वतः दरवर्षी माझ्या टेस्टरला कुंकू लावतो.

"म्हणजे डब्याची?"

"डब्याची कशाला?" आबा म्हणाले. अपमान झाल्यासारखे ते ताठ बसले. "डबा चटणीचा. मशीन आत हाय की. मागाची पूजा करताना मागाला गंध लावतो का शेडच्या पत्र्याला?"

मी फार हळू विचारलं, "आबा, मशीनला काय लावलं?"

"विभूती. तीन बोटं. हिनं एक कुंकवाचा टिळा लावला."

"कोरडी?"

"कोरडी कशी बसंल? पाण्यात कालवून."

"पण आबा, मी रोज उघडून बघतोय. वर काहीच नाही!"

"वर कुटं लावणार?" आबांनी हवेत तीन बोटं ओढून दाखवली. "वरती सगळी चिल्लर उभी हाय. बोट फिरवायला जागा न्हाय. उलटी केली. खालून कशी सपाट हाय. छान बसली."

मी झाकण उघडलं. पट्टी उलटी केली. माझ्या निष्कलंक सोल्डरिंगवर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, विभूतीचे तीन सुबक आडवे पट्टे, आणि मधोमध, बरोबर ट्रान्झिस्टरच्या पायांवर, कुंकवाचा टिळा. एवढं देखणं बिघाडाचं कारण मी उभ्या नोकरीत बघितलेलं नाही. विभूती म्हणजे राख. राख ओल धरते. ओली राख वीज इकडची तिकडे जाऊ देते. सूर आत शिरत होता आणि तीन पट्ट्यांवरून चालत भलत्याच दारानं निघून जात होता.

"मी विचारलं होतं ना, कुणी हात लावला का म्हणून?"

"हात कुटं लावला?" आबा म्हणाले. "पूजा केली."

तरी मी बोलणार होतो. मोठं भाषण देणार होतो. वीज, ओल, सूक्ष्म प्रवाह, सगळं. दोन बोटं वर करून सुरुवातही केली. "आबा, ओल हा विजेचा सगळ्यात मोठा..."

"आणि हे काय हाय?" आबा म्हणाले.

ते डब्याच्या तळातून काहीतरी उपसत होते. पट्टी स्टीलला टेकू नये म्हणून मी तिच्याखाली एक मऊ घडी घातली होती. आमच्याच कारखान्यातल्या टॉवेलच्या तुकड्याची. आम्ही टॉवेलवाले; खुर्ची डगमगली तरी पायाखाली टॉवेलच घालतो. आबांनी ती घडी मुठीत दाबली, मग माझ्या तळहातावर ठेवली. ती गार होती. ओलसर गार.

"डबा कुठं ठेवता तुम्ही?" मी विचारलं.

अव्वांनी बोट दाखवलं. देवघरात जागा नाही म्हणून पूजेनंतर डबा मान देऊन कोनाड्यात ठेवला होता. कोनाडा न्हाणीच्या दाराला लागून. रोज सकाळी न्हाणीतून गरम पाण्याची वाफ निघते, डब्याच्या भोकांतून आत शिरते, आणि माझा उत्तम प्रतीचा, पाणी शोषून घेण्याबद्दल चार जिल्ह्यांत नावाजलेला टॉवेल ती पिऊन घेतो आणि सकाळभर विभूतीला पाजतो. दुपारी उन्हात वाळलं की बोलतो. सकाळी पुन्हा मुका.

"तर मग," आबा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पंधरा दिवसांनी ती जुनी चमक आली, "चूक कुणाची, सायेब? तीन बोटं माझी. टॉवेल कुणाचा?"

भिंतीवरून आमच्या हिचा आवाज आला, "त्यांचाच!" ती केव्हापासून उभी होती कोण जाणे.

पण एक अडचण उरलीच. मी हिच्याकडून नेलपॉलिश काढायचं पाणी आणि जुना टूथब्रश आणला, आणि पट्टीवर ब्रश टेकवणार तेवढ्यात आबांचा चेहरा बघितला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नातीच्या अक्षतेसाठी घातलेलं साकडं होतं ते, आणि मी ते नेलपॉलिशच्या पाण्यानं पुसणार होतो.

मी ब्रश खाली ठेवला. काय करावं? शेवटी अव्वांनीच सोडवलं. त्या आत गेल्या, छोटी वाटी घेऊन आल्या, माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि कोरड्या ब्रशनं पट्टीवरची विभूती झाडून वाटीत घेतली. होती नव्हती तेवढी. मग ती आबांच्या कपाळाला लावली, उरली ती माझ्या. "आता घासा," मला म्हणाल्या. आणि आबांकडे वळून कानडीत बरंच काही बोलल्या, त्यातला एकही शब्द मी इथं लिहिणार नाही.

मी घासलं. पंख्याखाली वाळवलं. टॉवेल हद्दपार केला, त्याच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. विभूती आणि कुंकू आता झाकणावर, बाहेरून, कोरडं. डब्याचा मुक्काम कोनाड्यातून टीव्हीवर हलवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला आम्ही डब्याभोवती बसलो, या वेळी आमच्या हिच्यासकट चौघं. आबांनी स्विच दाबला. डबा बोलला. आबांनी चाल सुरू केली, लांब सुरापाशी आले, आणि सवयीनं तोडला.

रविवारी त्यांच्या मुलानं बँडवाल्याला नाही म्हणून कळवलं.

अक्षतेच्या दिवशी मी डबा मांडीवर घेऊन रिक्षानं कार्यालयात गेलो, नवरीच्या दागिन्यांसारखा. व्यासपीठाच्या डाव्या हाताला आबा खुर्चीवर, गुलाबी फेटा, मांडीवर टिकल्या लावलेली गिटार. पायाशी डबा, डब्याशी मी उकिडवा. मुहूर्त बाराच्या पुढचा. ऊन कडक होतं, हवा कोरडी होती, सेलही नवा होता. एवढ्यात माझ्या लक्षात आलं, की आता तांदूळ उडणार. ओल्या कुंकवात रंगवलेले तांदूळ. चारशे माणसं ते फेकणार, आणि डब्याला भोकं आहेत. खिशात हात घातला तर दुसरं काही नव्हतं. मी टॉवेल काढला आणि डब्यावर धरला. चूक नाही, या वेळी बाहेरून धरला होता.

शेवटचं मंगलाष्टक झालं. अक्षता उडाल्या. सगळीकडे तो पावसासारखा सडसडाट, आणि मग ती एक क्षणाची शांतता, ज्यात सगळे बँडची वाट बघतात. आबांनी पाय टेकवला.

सूर फुटला. मागच्या रांगेतली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं क्लॅरोनेटच आलं. नात हार हातात धरून रडायला लागली. आबांचे गाल सवयीनं फुगले होते. चाल पुढं सरकली, वळली, त्या लांब सुरापाशी आली. मी मनातल्या मनात म्हटलं, आता तोडतील.

आबांनी तोडला नाही. बोट तसंच ठेवलं. सूर चालू राहिला. जिथं चाळीस वर्षं दम घेतला ती जागा आली आणि गेली, आणि सूर चालूच. डबा त्याला धरून बसला होता, आबा डोळे मिटून बसले होते. कार्यालयात कुणी हालेना. सूर लांबत गेला, आणखी लांबत गेला, माणसाच्या छातीत मावणार नाही इतका.

आणि नवरीच्या मागून, करवल्यांना बाजूला ढकलत, अक्षतांनी भरलेली मूठ तशीच वर धरून अव्वा पुढे धावल्या आणि साऱ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत, ओरडल्या, "आवो, दम घ्या की!"